व्याह्यांचा काटेरी हलवा

या जगात न विरघळणारी वस्तू नाही, आणि एखादी वस्तू विरघळली नाहीच तर दोष तिचा नसून आपल्या घाईचा असतो, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे आणि तो नेमका माझा व्याही आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर मी लांबून कौतुक केलं असतं. पण मुलीच्या सासऱ्याचं कौतुक लांबून करता येत नाही. ते समोर बसून, पदर सावरून, मान हलवत करावं लागतं. आणि माझं असं आहे की मान हलायला लागली की पाठोपाठ पायही हलतात, कारण गॅसवर काहीतरी ठेवलेलं असतं. कर्जतजवळच्या कडावला माझं जेवणाचं काम आहे. शनिवार-रविवार आजूबाजूच्या फार्महाउसवर माणसं येतात, त्यांचं जेवण आणि गोडधोड मी पुरवते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात झारा असा माझा संसार. पाणी उकळेपर्यंत त्याच्याजवळ उभं राहणं हासुद्धा मला वेळेचा अपव्यय वाटतो. अशा बाईच्या नशिबी, सरबत ढवळणं हा एक प्रकारचा दांडगटपणा आहे असं समजणारा व्याही आला.

ते मुलगी पाहायला आले त्याच दिवशी मला हे कळायला हवं होतं. त्यांनी कोरा चहा मागितला, तोही काचेच्या ग्लासात. मी म्हटलं, पथ्य असेल. साखर वेगळी मागितली. मी म्हटलं, मधुमेह असेल, आणि मनातल्या मनात त्यांच्या घराण्यातल्या सगळ्यांची रक्ततपासणी करून मोकळी झाले. मग त्यांनी चमचाभर साखर ग्लासात सोडली, चमचा बशीत आडवा ठेवला आणि ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरून बघत बसले. माझ्या नवऱ्याला वाटलं, चहात काही पडलंय. मलाही तेच वाटलं. मी चपळाईने ग्लास त्यांच्या हातून काढून घेतला, आत जाऊन दुसरा चहा करून आणला. त्यांनी पुन्हा साखर सोडली, पुन्हा ग्लास उजेडाकडे धरला. मी पुन्हा हात पुढे केला तेव्हा ते फार नम्रपणे म्हणाले, "राहू द्या. उतरतेय ती. ती रेघ दिसते का, पाण्यात पाणी हलल्यासारखी? ती साखर आहे." पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली माझी लेक दारात तशीच उभी राहिली आणि आम्ही सगळे जण मान वाकडी करून साखरेची रेघ शोधू लागलो. मला ती काही दिसली नाही. मी मात्र, "अय्या, हो की," म्हटलं. मुलीच्या आईने याहून वेगळं काय म्हणायचं असतं? मुलीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. चहा पिऊन झाल्यावर ग्लासाचा तळ तिला दाखवला, त्यात एकही दाणा उरला नव्हता, आणि म्हणाले, "छान." हे "छान" मुलीला होतं की चहाला, यावर आमच्या घरी आठवडाभर वाद चालला.

मूळचे ते खालापूरकडचे, भातशेतीवाल्या घरातले. उमर गेली खोपोलीच्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथल्या प्रयोगशाळेत कुठली पूड कुठल्या द्रवात किती जाते, किती वेळात जाते आणि कुठे पोहोचल्यावर आता पुरे म्हणते, हे बघण्याचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळात जातात, भिशी लावतात, गुडघे दाखवायला जातात. यांनी घराच्या खिडकीत बरण्या मांडल्या. प्रत्येक बरणीत काहीतरी भिजत पडलेलं. एकीत दगड झालेला रंगाचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये, एकीत गंजलेला बोल्ट व्हिनेगरमध्ये, एकीत शर्टाचा कापून काढलेला खिसा, ज्याला कुणाचंतरी च्युइंगगम चिकटलं होतं, तो गोडेतेलात. घरात काहीही चिकटलं, सुकलं, गोठलं, अडकलं की दुसरा माणूस सुरी आणतो, हे बरणी आणतात. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा उन्हातून स्कूटी चालवत गेले होते. घसा कोरडा पडलेला. खिडकीत स्वच्छ पाण्याचा पेला दिसला, तो मी कुणी पाणी विचारायच्या आत उचलला आणि घोट घेतला. त्या पेल्यात आणखी मीठ मावलं नसतं इतकं मीठ होतं. मिठाचे खडे धरायला ठेवले होते म्हणे. होणाऱ्या व्याह्यांसमोर थुंकायचं कसं, म्हणून मी ते गिळलं. ते कळवळून म्हणाले, "अरेरे." मला वाटलं, माझ्यासाठी. पण ते पेला उजेडाकडे धरून बघत होते. पेला हलल्यामुळे आतला खडा दोऱ्यावरून सुटला होता.

लग्नात मांडवाच्या दाराशी थर्माकोलची मोठी पाटी होती, मुलामुलीच्या नावांची. आयत्या वेळी माझ्या लक्षात आलं की पांढऱ्या पाटीवर पांढरी अक्षरं कुणाला दिसणार नाहीत. मी डेकोरेटरला थांबायची सवड न देता घरातला चंदेरी ऑइलपेंटचा डबा थिनर घालून पातळ केला आणि स्वतः ब्रश फिरवला. बघता बघता जावयाचं नाव आत बसायला लागलं. मग माझ्या लेकीचं. काना गेला, वेलांटी गेली, बदामाच्या आकाराला मधोमध भोक पडलं. मांडवात आरडाओरडा. माझी मोठी जाऊ अपशकुन, अपशकुन म्हणून कपाळाला हात लावून बसली. मला रडू येणार होतं, पण सव्वा शेर बुंदी कढईत होती, त्यामुळे वेळ नव्हता. एवढ्यात वरपित्याचं आगमन झालं. ते फेटा सावरत पाटीसमोर आले, थांबले आणि मागच्या वऱ्हाडालाही त्यांनी हाताने थांबवलं. नाटक रंगात आल्यावर माणसं बघतात तसं बघत राहिले. मी म्हटलं, "अहो व्याही, वितळली हो पाटी." ते म्हणाले, "वितळली नाही, विहीणबाई, विरघळली. वितळायला आच लागते. ही थिनरमध्ये गेली. फार सुरेख गेली." आणि असं काही समाधानाने हसले की जाऊबाईंचा अपशकुन जागच्या जागी संपला. वरपिताच खूश आहे म्हटल्यावर कुणाचं काय चालणार?

माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच. लग्नातल्या मानपानावरून याच जाऊबाई माझ्यावर रुसल्या होत्या. मी रोज फोन करून त्यांची समजूत काढत होते, म्हणजे त्यांना त्यांची चूक नीट समजावून सांगत होते. व्याह्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "भिजत ठेवा. रगडू नका." मला हा सल्ला पटला आणि मी जाऊबाईंना फोन करून सांगितलं की मी आता तुम्हाला भिजत ठेवणार आहे. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. हे मी व्याह्यांना सांगितलेलं नाही.

तर आता त्या संक्रांतीची गोष्ट. लग्न मार्गशीर्षात झालं आणि पाठोपाठ संक्रांत आली. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी, हळदीकुंकू आणि हलव्याचे दागिने, आणि हे सगळं करायचं सासरच्यांनी. यांच्या घरात करणारं कुणी नव्हतं. माझी विहीण लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. मी तिला फक्त फोटोत पाहिलं आहे. पण तिचा हलवा त्या सगळ्या आळीत प्रसिद्ध होता. आळीतल्या प्रत्येक नव्या नवरीच्या गळ्यात तिच्या हातचे दागिने पडलेले. दुखणाईत असताना ती म्हणायची की सून कुणीही येवो, तिचे दागिने माझ्या हातचे. ते राहून गेलं. हे मला त्यांच्या शेजारच्या मालूताईंनी सांगितलं. मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, कर्जतच्या बाजारात तयार पेटी मिळते, मुकुटापासून जोडव्यांपर्यंत सगळं, मी येताना घेऊन येते. व्याह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको. मी करतो."

हलवा करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केला नाही त्यांना सांगायला हवं. निखाऱ्यांवर राख टाकून मंद केलेली शेगडी, तिच्यावर जाड बुडाची परात, परातीत तीळ. त्यावर साखरेच्या पाकाचा अगदी लहान चमचा सोडायचा आणि बोटांनी तीळ हलवत राहायचं. पाक सुकतो, तिळावर साखरेचं अंग धरतं. मग पुन्हा एक चमचा. असं काही दिवस चालतं. सगळं जमलं, हवा कोरडी असली, थंडी असली, तर त्या दाण्यावर काटा फुटतो. नाही जमलं तर तिळाला साखर लागते आणि बोटांना फोड येतात. विहीण करायला बसली की हे शेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि प्रश्न विचारायचे. पाक किती गरम, किती घट्ट, काटा आधी कुठल्या बाजूला येतो. ती चमचा उगारायची. म्हणजे पाहिलेलं सगळं होतं, केलेलं काही नव्हतं. आणि मलाही स्वतः करायचं सोडून बाकी सगळं येत होतं, त्यामुळे मी मदतीला गेले.

मालूताईंनी दारातच अडवलं. "आवो ताई, सासरच्यांनी करायचं आसतं ह्ये. आईनं नाय हात लावायचा," म्हणाल्या. मी म्हटलं, हात नाही लावत, नुसती बघते. मागच्या पडवीत व्याह्यांनी फार छान मांडामांड केली होती. पातेल्यात सगळ्या दिवसांना पुरेल एवढा पाक एकदमच केलेला. दुधाचा हबका मारून मळी काढलेली, पाक पांढऱ्या फडक्यातून गाळलेला. इतका नितळ पाक माझ्या स्वयंपाकघरातही होत नाही. ते निखारे आणायला चुलीकडे गेले. मी पाकाजवळ एकटी उभी राहिले. आता, ज्या बाईने आयुष्यभर गुलाबजाम केले तिला पाकाजवळ एकटीला उभं करू नये. माझी नजर फळीवर गेली, तिथे अर्धं लिंबू होतं. पाकात लिंबू पिळलं की पाक साखरत नाही, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, हे मला झोपेतही ठाऊक आहे. मी लिंबू पिळलं, बी बोटाने काढून टाकली आणि साल खिडकीबाहेर भिरकावली. याला मी हात लावणं समजतच नव्हते. हे म्हणजे रस्त्यात दिसलेल्या दुसऱ्याच्या लेकराचं नाक पुसण्यासारखं होतं. सांगितलंही नाही कुणाला. अशा गोष्टी कुणी सांगतं का? मग फार्महाउसची ऑर्डर होती म्हणून मी कडावला परत आले.

पुढे रोज त्यांचा फोन यायचा. दाणे चकचकीत दिसताहेत, पण काटा नाही. मी सल्ले द्यायला कमी केलं नाही. आच वाढवा म्हटलं. दुसऱ्या दिवशी कमी करा म्हटलं. पंखा बंद ठेवा, तीळ बदला, बसायची दिशा बदला. माझं प्रत्येक बोलणं ते मान देऊन ऐकायचे आणि करून बघायचे. मालूताईंनी मीठमिरच्या उतरवल्या. आभाळ भरून आलं होतं, तेव्हा हवेत पाणी हाय, म्हणून काटा येत नाय, असं ते एकदा म्हणाले. ते इतर वेळी नीट बोलतात, पण मनाला लागलं की बोलणं गावाकडे जातं. मी त्यांना म्हटलं, धीर धरा. हे मी त्यांना म्हटलं, याची माझ्या घरात अजून चेष्टा होते.

भोगीच्या आदल्या दुपारी मी गेले तेव्हा ते परातीसमोर बसले होते. परातीत तीळ होते ते कुणी ओल्या गुळात लोळवून काढल्यासारखे, गुळगुळीत, एकमेकांना धरून बसलेले. व्याह्यांच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. खिडकीतल्या बरण्यांकडे बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नसावं, त्यांवर धूळ होती. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. परातीकडेच बघत म्हणाले, "तिच्या हाताला यायचा. माझ्या हाताला नाय येत. हात लागतो त्याला. मला वाटायचं, नुसतं कळलं की होतं."

मला असल्या वेळी काय बोलावं कळत नाही. माणूस रडवेला झाला की मी त्याला खायला देते, आणि इथे समोर होता तो हलवाच. तेव्हा धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "अहो, तुमच्या पाकात काही खोट नव्हती. पाक उत्तमच होता. मी स्वतः लिंबू पिळलं होतं त्यात."

व्याह्यांनी मान वर केली.

"किती?"

"अर्धंच."

"अर्धं पुरतं," ते म्हणाले. मग हातातला चमचा खाली ठेवून त्यांनी मला समजावून सांगितलं, रागावून नव्हे, अगदी त्या चहाच्या ग्लासासारखं. साखर विरघळली तरी आपापली ओळख विसरत नाही. पाणी कमी झालं की तिचे कण एकमेकांना शोधतात, एकावर एक रचून बसतात, आणि तोच काटा. पण आंबट पडलं की साखरेचे दोन तुकडे होतात, आणि ते दोघे मधे मधे घुसून बाकीच्यांना रांगेत बसूच देत नाहीत. "मांडवातल्या पाहुण्यांसारखं," म्हणाले. गुलाबजामला तेच हवं असतं, हलव्याला तेच नको असतं. मला सगळं कळलं. इतकं स्पष्ट मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी पुढे शिकले असते. मी जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच मला उठून कुठे जावंसं वाटलं नाही, कारण कुठल्याही दिशेला तोंड घेऊन जाण्यासारखं नव्हतं. पण व्याह्यांचा चेहरा बघितला तर तो सैल झाला होता. ते सुजलेली बोटं उलटसुलट करून बघत होते. "म्हणजे हात वाईट नव्हता माझा," म्हणाले, आणि हसले. मालूताई मात्र हसल्या नाहीत. "मी सांगतलं व्हतं, आईनं हात नाय लावायचा," एवढंच त्या म्हणाल्या.

आता परवा संक्रांत, आणि कोऱ्या तिळापासून काटा यायला लागतात दिवस. मी पर्स उचलली आणि म्हटलं, मी आत्ता कर्जतला जाऊन पेटी आणते, चूक माझी आहे. ते उठून आत गेले. मला वाटलं, साखर आणायला गेले. आले ते तांदळाचा डबा घेऊन. तांदळात हात घालून त्यांनी आतून एक लहान बरणी काढली. बरणीत हलवा होता, तिच्या हातचा, तिच्या शेवटच्या संक्रांतीचा उरलेला. दोन पावसाळे त्यांनी तो तांदळात पुरून कोरडा ठेवला होता. दाणे बारीक होते, ओवायला गेलं तर फुटले असते, आणि काटे थोडे झिजले होते. पण होते.

"यावर थर चढवायचा," ते म्हणाले. "काटा असला की त्याच्यावर काटा लवकर धरतो. नव्या साखरेला बसायला जागा मिळते."

मालूताई पुढे झाल्या. "भाऊ, ठेवा ती बरनी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तेवढंच हाय वयनीचं."

आणि त्यात काय धोका आहे ते तोवर मलाही कळायला लागलं होतं. पाक अगदी भरलेला हवा, साखरेचा आणखी एक कणही ज्यात मावणार नाही असा. तो जराही उणा असला तर वर चढणार नाही, उलट आहे ते घेऊन जाईल. तिचे काटे त्यात विरघळून जातील आणि परातीत उरतील नुसते तीळ. व्याह्यांना हे माझ्यापेक्षा आधी कळलेलं होतं. त्यांनी नवा पाक केला. या वेळी मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला, हात मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसेल अशी बसले. पाक तयार झाल्यावर त्यांनी वाटीत थोडा घेतला, साखरेचा एक दाणा चिमटीत धरून वाटीत सोडला आणि वाटी उजेडाकडे धरली. दाणा खाली गेला, बारीक झाला, दिसेनासा झाला. त्यांनी पाकात आणखी साखर घातली, पुन्हा उकळी आणली, पुन्हा दाणा सोडला. या वेळी दाणा तळाशी गेला आणि तसाच पडून राहिला. आम्ही तिघं वाटीवर वाकून त्याच्याकडे बघत राहिलो. तो गेला नाही. साखर विरघळली नाही म्हणून आनंदी झालेले व्याही मी पहिल्यांदाच बघत होते.

मग त्यांनी बरणी परातीत उलटी केली. चमचा भरून घेतला, आणि तो परातीवर धरला तर चमच्यातला पाक थरथरत होता. त्यांनी तो परत वाटीत ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "विहीणबाई, तुमी या. तुमच्या हाताला घाई हाय, पण तो कापत नाय."

मी मालूताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जावा आता. कोन बघतंय." आणि मग पुढे म्हणाल्या, "लिंबू हाय का हातात, ते दाखवा आदी."

मी दोन्ही तळवे दाखवून शेगडीसमोर बसले. पहिला चमचा सोडला तेव्हा दाणे ओले झाले आणि काटे दिसेनासे झाले. मी बोटांनी हलवत राहिले. परात हाताला चटके देत होती. मला दुसरा चमचा सोडायची इतकी घाई झाली होती की हात आपोआप वाटीकडे गेला, आणि व्याही म्हणाले, "थांबा." मी थांबले. पर्समध्ये फोन वाजायला लागला, फार्महाउसवाल्यांचाच असणार, तो वाजून वाजून बंद झाला. दाणे सुकले. एक दाणा उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाले, "आहे. आता सोडा." ती सगळी दुपार मी "थांबा" आणि "सोडा" यांच्यावर काढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्यालाही मला एवढं ऐकायला लावता आलेलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा परातीत पांढरेशुभ्र दाणे होते, आणि त्यांवर काटा होता, आखूड, पण सगळीकडून. त्यात तिचा कुठला आणि आमचा कुठला, हे कुणाला सांगता आलं नसतं. मी तर सांगूच शकले नसते, मला एकही दाणा डोळ्यासमोर धरायची परवानगी नव्हती.

मालूताईंनी भोगीच्या दिवशी बसून दागिने ओवले. मुकुट झाला नाही, बाजूबंद झाले नाहीत. मंगळसूत्र, बांगड्या आणि कानातले तेवढे झाले. संक्रांतीला माझी लेक काळी साडी नेसून, ते घालून बसली. आळीतल्या बायकांनी घर भरलं. वहिनींचाच हात वाटतो, असं एक जण म्हणाली, तेव्हा मी वाण वाटायला लागले, कारण मला तिथे उभं राहवेना. पुरुषांचं काम नव्हतं म्हणून व्याही मागच्या पडवीत एकटेच बसले होते. मध्येच लेक उठून त्यांच्याकडे गेली. मी तिच्या मागे तिळगूळ घेऊन निघाले होते, ती दारातच थांबले. लेकीने गळ्यावरचं मंगळसूत्र बोटाने जरा वर उचललं आणि म्हणाली, "बाबा, टोचतंय हो."

"कुठं?"

"इथं. गळ्याला. सगळीकडे."

त्यांनी फक्त मान हलवली, दोन-तीनदा, आणि घाटाच्या डोंगराकडे तोंड करून बसले. लेक तिथेच उभी राहिली. मी तिळगूळ घेऊन परत आले.

दागिने मोडून त्यांनी त्याच संध्याकाळी सगळा हलवा वाटून टाकला. थोडा जपून ठेवा म्हटलं तर म्हणाले, साखर ठेवण्यासाठी नसते. तरी थोडे दाणे स्वतःकडे ठेवले आणि थोडे कागदात बांधून माझ्या हातात दिले. मी वस्तू जपून ठेवणारी बाई नाही. माझ्या कपाटात नको त्या वस्तूला जागा नसते. पण ते मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकले आणि विसरून गेले.

परवा श्रावणात त्यांचा फोन आला. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, भिंतींना घाम फुटला होता, मिठाच्या बरणीत पाणी. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले, "तुमच्याकडचे दाणे बघा बरं, विहीणबाई. माझ्याकडचे पाझरले. काटा राहिलाय का?"

मी फोन कानाशी धरून कपाट उघडलं, डबी काढली. आत चिकट पाण्याचा एक थेंब होता आणि त्यात काही तीळ.

"आहे," मी म्हटलं.

"टोचतो?"

मी डबीत बोट घातलं.

"टोचतो."

डोंगराच्या पायथ्याशी श्रावणात साखरेचं काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक आहे. ते म्हणाले, "बरं. बरं झालं," आणि त्यांनी फोन ठेवला. मी डबीचं झाकण घट्ट लावून ती परत कपाटात ठेवली. बोट तेवढं चाटून टाकलं.